माजगावकरांच्या पाठीवर इंगवले

माझ्या भावाच्या डाव्या पायात दुसराच माणूस शिरलाय, हे सगळ्यांत आधी ओळखलं पप्पांनी. आणि तेही त्यानं चेंडूला लाथ मारायच्या आधी.

सकाळचा सराव चालला होता. सोनवेस तालीम मंडळ आफ्रिकेत दार-ए-सलामला खेळायला जाणार म्हणून नुसता सराव बघायलाही स्टेडियमवर ही गर्दी. कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला एक सांगून ठेवते: आमच्याकडं तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. आत तांबडी माती, कोनाड्यात मारुती आणि कपाटात फुटबॉलचे बूट, असा तो संसार असतो. पेठेपेठेच्या तालमी पिढ्यान् पिढ्या एकमेकींशी फुटबॉल खेळताहेत आणि एकमेकींवर रुसताहेत. त्यातली आमची सोनवेस २०४७ साली दक्षिण आशियाची विजेती ठरली आणि प्रदेशविजेता चषकाला पात्र झाली. जगाचे आठ प्रदेश, प्रत्येकाचा एक विजेता क्लब, आणि त्या आठांत आम्ही! त्या आठवड्यात पेठेतल्या कुत्र्यांनाही पेढे मिळाले.

माझा धाकटा भाऊ ऋतुराज त्या संघात फ्री किक मारतो. त्याची नवी किक पप्पा त्या दिवशी पहिल्यांदाच बघत होते. त्यानं चेंडू ठेवला. समोर पोरांची भिंत उभी राहिली. त्यानं डाव्या बुटाचं टोक उजव्या पोटरीवर दोनदा पुसलं, मान जरा कलती केली, आखूड पावलं टाकत पुढं आला, आणि माझ्या शेजारी पप्पा ताडकन उभे राहिले. मांडीवरचे शेंगदाणे सगळे खाली. चेंडू भिंतीवरून गेला, हवेत वळला आणि गोलकीपरच्या डाव्या हाताच्या खांबाला चाटून जाळीत बसला. सगळं स्टेडियम नाचत होतं. पप्पा माझा दंड धरून उभे होते.

"केतकी, हा दिग्या हाय."

"कोण दिग्या?"

"बुरजाचा. दिग्विजय इंगवले. माझ्या पोराच्या अंगात दिग्या शिरलाय!"

"कायतरीच काय पप्पा! ती ब्राझीलची किक हाय. पेद्रोची."

"पेद्रो गेला खड्ड्यात. पंचवीस वर्षं मी डोळं मिटून हेच बघतोय. मला नको शिकवू."

पप्पा, म्हणजे धैर्यशील माजगावकर, एके काळचे सोनवेशीचे गोलकीपर. पंचवीस वर्षांपूर्वी गावातल्या चषकाच्या अंतिम सामन्यात बुरूज तालमीच्या दिग्विजय इंगवलेनं अगदी शेवटी अशीच एक फ्री किक मारली होती. पप्पांची बोटं चेंडूला लागली, पण चेंडू आत गेला. चषक बुरजाला गेला. "वारा हुता," असं पप्पा त्या दिवशी म्हणाले आणि आजतागायत म्हणत आले. आमच्या घरी पाहुण्यांसाठी पंखा लावला तरी विषय त्या वाऱ्यावर जायचा. बुरूज गल्ली आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण पप्पा तिकडून कधी जात नाहीत. भाजी आणायचीच झाली तर वळसा घालून जातात.

आता पेद्रो कोण ते सांगायला हवं, आणि त्यासाठी माझ्या यंत्राचं सांगायला हवं.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. आपल्या डोक्याच्या मागच्या अंगाला, मानेच्या जरा वर, लहान मेंदू असतो. कुठला स्नायू कधी आवळायचा, कधी सोडायचा, पाऊल पडायच्या आधीच तोल कुठं जाणार, हा सगळा हिशोब तो आपल्याला पत्ता लागू न देता करत असतो. एकच लाथ वर्षानुवर्षं मारली की तिचा ठसा तिथं पक्का बसतो. आमची टोपी हा ठसा टिपते. तीच टोपी उलट चालवली की चुंबकाचे अगदी बारीक ठोके देत तो ठसा दुसऱ्याच्या लहान मेंदूत हळूहळू उमटवते. घेणाऱ्यानं रोज सराव केला तर ठसा मुरतो, सराव सोडला तर काही महिन्यांत पुसट होतो. तालमीतली मंडळी हिला 'चालटोपी' म्हणतात. आता आमच्या प्रयोगशाळेतही तेच नाव चालतं.

पण कुणाचीही चाल कुणालाही लागू पडत नाही. सुरुवातीला आम्ही ऋतुराजला एका नामांकित स्पॅनिश खेळाडूची किक दिली होती. पोरगं स्वतःच्याच पायात पाय अडकून पडायला लागलं. मांडीची आणि नडगीची लांबी, कमरेचा कल, आणि मुख्य म्हणजे ती लाथ ज्या जमिनीवर घडली ती जमीन, एवढं सगळं जुळावं लागतं. ओल्या हिरवळीवर घडलेली चाल कडक मातीत वाढलेल्या पायाला पचत नाही. मग आम्ही जागतिक चालकोश यंत्राकडून चाळून घेतला. जगभरच्या लोकांनी दिलेल्या लाखो चाली तिथं ठेवलेल्या असतात. देणाऱ्याचं नाव मात्र झाकलेलं असतं. यंत्रानं त्यातून एकच चाल काढून दिली, आणि ती जशी काही ऋतुराजच्या मापानंच शिवलेली होती.

एवढी देखणी किक म्हणजे ब्राझीलचीच, असं तालमीनं परस्पर ठरवून टाकलं. नाव कळत नाही म्हटल्यावर नावही ठेवलं: पेद्रो. चौकात भला मोठा फ्लेक्स लागला, "सोनवेशीचे लाडके बंधू पेद्रोदादा यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!" वर कुठल्याशा पिवळ्या बनियनवाल्याचा फोटो, खाली शुभेच्छुकांची डोकीच डोकी. केकसुद्धा कापला. वाढदिवस आज नाही म्हणून सांगायला पेद्रोदादा थोडाच येणार होता!

आणि तिथं, सांडलेल्या शेंगदाण्यांत उभी असताना मला हसूच फुटलं. हाडापेराची ठेवण तीच, माती तीच, मैदानही तेच. सगळं जग चाळून यंत्रानं शेजारची गल्ली काढून दिली होती.

"हसायला काय झालं?" पप्पा म्हणाले. मी खाली वाकून शेंगदाणे गोळा करायला लागले.

प्रदेशविजेता चषकाचा एक नियम आहे. उसनी चाल चालते, पण लपवून नाही. देणाऱ्याचं नाव खेळाडूच्या पाठीवर, त्याच्या नावाच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहायचं. शिवाय देणाऱ्यानं स्पर्धेआधी नव्यानं होकार द्यायचा. होकार नसेल तर त्या खेळाडूला मैदानात उतरता येत नाही, कारण अंगात मुरलेली चाल काही घरी ठेवून जाता येत नाही. नियमाप्रमाणं त्याच आठवड्यात नावावरचा पडदा निघाला. दिग्विजय इंगवले, कोल्हापूर. पेद्रोचा फ्लेक्स दुपारच्या आत उतरला आणि केक खाल्लेली मंडळी काही दिवस चौकात दिसली नाहीत.

घरी मात्र वेगळंच सुरू झालं.

"माझ्या पोराच्या पाठीवर बुरजाचं नाव?" पप्पांनी ताट सरकवलं. "माजगावकरच्या खाली इंगवले?"

"पप्पा, मी मागितली न्हवती," ऋतुराज म्हणाला. "टोपीनं दिली. आता हाय ती हाय."

"मग टोपीलाच बाप म्हण."

त्या दिवसापासून पप्पा त्याच्याशी बोलेनासे झाले. समोरासमोर जेवायला बसायचे आणि मला सांगायचे, "तुझ्या भावाला म्हणावं मीठ दे." भाऊ मीठ द्यायचा. मग भाऊ मला सांगायचा, "पप्पांना म्हणावं, खारट होईल." यात विनोद आहे हे मला कळत होतं, पण ऋतुराजचं तोंड बघितलं की हसू येत नव्हतं. बुटाची नाडी बांधायला त्याला पप्पांनी शिकवलं होतं.

त्यात आणखी एक भानगड. लहान मेंदूत ठसे एकमेकांना खेटून असतात, त्यामुळं किकबरोबर चार फुटकळ सवयीही चिकटून येतात. ऋतुराज फ्रीजसमोर उकिडवा बसायचा आणि दाराला कपाळ टेकून तसाच राहायचा. आईला वाटलं पोराला ताप आला. त्याला विचारलं तर म्हणायचा, "बरं वाटतंय."

होकार मागायला आम्ही दोघं भावंडं बुरूज गल्लीत गेलो. गल्लीच्या तोंडाशीच दिगूकाकांचा दूधकट्टा आहे. कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या, गिऱ्हाईक समोर उभं आणि धार थेट पेल्यात, असा आमच्याकडचा रिवाज. दिगूकाका उकिडवे बसून धार काढत होते. कपाळ म्हशीच्या कुशीला टेकलेलं. मी ऋतुराजकडं बघितलं, ऋतुराजनं माझ्याकडं बघितलं. आमच्या फ्रीजचं कोडं सुटलं.

काका उठले, डाव्या पायाचं बोट उजव्या पोटरीवर दोनदा पुसलं, आणि ऋतुराज बघतोय म्हटल्यावर हसले. "शेण रे. ल्हानपणी हितनंच मैदानावर पळायचो, पाय धुवायला वेळ कुणाला? मग मारायच्या आधी पुसायचा."

"काका, तुमची किक माझ्यात हाय," ऋतुराज म्हणाला.

"मला ठावं हाय की. टीव्हीवर तुमचा सराव बघितला. बायकोला म्हटलं, सोनवेशीचं पोरगं पाय पुसायला कुठं शिकलं?" त्यांनी आमच्या हातात फेसाळ पेले दिले. "मागं एकदा डॉक्टर लोकं आली हुती मैदानावर. टोपी घाला म्हणली, चार लाथा मारा म्हणली. मारल्या. मिसळ दिली, खाल्ली, घरी आलो."

"मग होकार द्याल?" मी विचारलं.

"देतो की. पण तुमच्या बापानं हितं यावं आणि चारचौघांत म्हणावं, वारा नव्हता." ते हसत नव्हते. "पोरी, मी आयुष्यात एकच मोठा गोल मारला. त्यो बी तुझ्या बापानं वाऱ्याच्या नावावर लावला. लोकं अजून इचारत्यात मला, दिगू, वारा कुठला हुता, पूर्वेचा का पश्चिमेचा?"

परत येताना ऋतुराज म्हणाला, "तायडे, घरी हे सांगायचं न्हाई."

"अरे, मग तुला बाकावर बसावं लागेल. सोनवेस पुन्हा कधी जाणार हाय असल्या स्पर्धेला?"

"बसतो. पप्पांकडं त्या सामन्यातलं दुसरं हाय काय? त्यो वाराच हाय. त्यो बी मी काढून घेऊ?"

मला त्याचा एवढा अभिमान वाटला आणि एवढा रागही आला, की मी झपाझप त्याच्या पुढं निघून गेले. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. सांगू नको असं त्यानं म्हटलं होतं खरं, पण आईला सांगणं हे सांगण्यात धरत नाहीत.

आईनं पोळी लाटता लाटता, मान वर न करता पप्पांना दिगूकाकांची अट ऐकवली आणि वर म्हणाली, "पोरगं तुमच्या वाऱ्याला जपायला बाकावर बसतंय. तुम्ही बसा पंख्याखाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मला म्हणाले, "चल. साक्षीला पाहिजे कुणीतरी." वळसा न घालता आम्ही सरळ बुरूज गल्लीत शिरलो. कट्ट्यावरची गिऱ्हाइकं पेले तोंडाशी धरून थांबली. पप्पा तिथं आलेत यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

"या गोलकीपर," दिगूकाका म्हणाले.

पप्पांनी घसा साफ केला. एकदा म्हशीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वारा नव्हता."

दिगूकाकांनी हातातली चरवी खाली ठेवली. वर्षानुवर्षं ज्यासाठी अडून बसले होते ते मिळालं, आणि आता त्याचं काय करायचं हे त्यांना सुचेना, असं मला वाटलं.

"हुता रे," ते हळूच म्हणाले. "थोडा हुता. म्या वारा बघूनच मारली."

"हुता?" पप्पांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "मी म्हणत हुतो!"

"पण मारली मीच की न्हाई?"

पप्पांनी विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला. "व्हय," ते म्हणाले. "मारली तूच. आसली लाथ मी पुन्हा बघितली न्हाई."

मग दोघांनी एकेक पेला दूध घेतलं. पप्पा मिशीवरचा फेस तसाच घेऊन घरी आले. होकार मिळाला. पण ऋतुराजशी बोलणं काही सुरू होईना. राग गेला होता. आता बोलायचं कुठून हेच त्यांना उमगत नव्हतं. माझ्यामार्फत निरोप तेवढे वाढले. "त्याला म्हणावं, बूट दोन जोड घे." "त्याला म्हणावं, तिकडं उकाडा हाय, पाणी पीत जा."

दार-ए-सलामला समुद्राचा खारा उकाडा होता आणि नारळाच्या झाडांमुळं सारखं कोकणात आल्यासारखं वाटत होतं. चषकाच्या रिवाजाप्रमाणं चाल देणाऱ्याला खेळाडूच्या घरच्यांशेजारी बसवतात. म्हणजे गोलच्या मागच्या बाजूला मी, माझ्या डावीकडं पप्पा आणि त्यांच्या डावीकडं दिगूकाका. सोनवेशीची मंडळी आली होती तशी बुरजाचीही आली होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती सोनवेशीच्या नावानं ओरडत होती. घशाला सवय नसल्यामुळं मध्येच चुकून "बुरूज" निघत होतं, आणि आमची पोरं त्यालाही टाळ्या वाजवत होती.

उपांत्य सामना. समोर पश्चिम आफ्रिकेचा विजेता, अबिजानचा क्लब. त्यांची पोरं अशी पळत होती की आमच्या बचावफळीला श्वास घ्यायला सवड मिळेना. ऋतुराज पाठमोरा झाला की पाठीवर दोन्ही नावं दिसायची. वर माजगावकर, खाली इंगवले. पप्पा तेव्हा दुसरीकडं बघत होते की तिकडंच बघत होते, हे मला नीट कळलं नाही. दोन्ही बाजूंचा गोल नाही. सामना संपत आला, आणि आमच्या पोराला त्यांच्या खेळाडूनं गोलच्या जवळच पाडलं. आम्ही बसलो होतो त्याच बाजूच्या गोलवर फ्री किक!

ऋतुराजनं चेंडू ठेवला. पप्पा खुर्चीच्या टोकाशी सरकले. मी त्यांचा हात धरला.

"गोलकीपर चुकीच्या जागी हाय," पप्पा पुटपुटले.

"गप बस," दिगूकाका म्हणाले. "त्याला ऐकू जाईल."

ऋतुराज पावलं टाकत आला. चेंडू भिंतीवरून वर चढला, आमच्याच दिशेनं, आणि हवेत वळायला लागला. त्याच क्षणी माझ्या हातातला हात निसटला. पप्पांनी सूर मारला. होय, स्टेडियमच्या खुर्च्यांत, सत्तावन्न वर्षांच्या माणसानं, दोन्ही हात लांब करून डावीकडं सूर मारला! ते दिगूकाकांच्या मांडीवरून पलीकडं गेले, दोन बुरूजवाले घेऊन खाली आपटले आणि खुर्च्यांखाली दिसेनासे झाले. चेंडू जाळीत बसला. सगळं स्टेडियम उभं राहिलं.

"गेला का?" खालून आवाज आला.

"गेला," दिगूकाका म्हणाले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आणि तू पोराचा गोल अडवायलायस व्हय रे?"

"अंगच जातंय रे," पप्पा खुर्च्यांतून वर येत म्हणाले. कोपर खरचटलं होतं. "तुझी लाथ दिसली की अंग जातंयच. मी काय करू?"

चाल अंगात कशी मुरते यावर मी सात वर्षं काम करतेय. पण टोपी न घालता, बुरूज गल्लीत पाऊलही न टाकता, दिगूकाकांची किक आमच्या घरात माझ्या टोपीच्या कितीतरी आधीपासून राहत होती, हे मला त्या खुर्च्यांमध्ये कळलं. मला त्या दोघांबद्दल इतकी माया दाटून आली की गोलचा आनंद करायचंच राहून गेलं.

ऋतुराज पोरांच्या घोळक्यातून सुटून आमच्या कठड्याकडं पळत येत होता. तो चेंडूकडं बघत नव्हता, पंचांकडं बघत नव्हता. खालून एकेक खुर्ची शोधत होता. त्याला पप्पा दिसेनात. त्याचं हसू मावळायला लागलं, तेवढ्यात दिगूकाकांनी पप्पांना खांद्याला धरून कठड्यापाशी उभं केलं. शर्टाची बाही फाटलेली, मिशीला धूळ, आणि धाप लागलेली. मी निरोप सांगायला तोंड उघडलं होतं, पण पप्पांनी मला हातानं मागं सारलं आणि कठड्यावरून वाकून स्वतःच ओरडले,

"ऋत्या! अजून एक मार! आता धरतो!"